विरजण

१

सकाळची कॉफी झाली की रेमी अडगळीच्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. खोली कसली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये उरलेली बिनखिडकीची एक खाच. आधीचे भाडेकरू तिथे कोळसा ठेवायचे. रेमीने भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, छताला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. आत गिटार, टेपरेकॉर्डर आणि उभा रेमी, एवढंच मावायचं. ओदिल ओट्याशी सूपासाठी गाजरं सोलत असायची आणि दारातून गाळून येणारं गाणं ऐकायची.

गाण्याला शब्द नसायचे. म्हणजे असायचे, पण कुठल्याच भाषेतले नाहीत. ‘वेनो माय सी बेबी, लाडन् डाऊन दी रोऽ’ असलं काहीतरी. या धंद्यात याला दही म्हणतात. चाल सुचली, शब्द सुचले नाहीत, की इंग्रजीसारखं वाजेल ते तोंडात घोळवत जायचं. अर्थ मागाहून दुसऱ्या कुणीतरी आणायचा. पॅरिसमधले सगळेच गाणारे दह्यात गातात, पण रेमीइतकं घट्ट दही कुणाचं लागत नाही, असं व्हासूर म्हणायचा. रेमी शातोरूचा. गावाशेजारी अमेरिकनांचा हवाईतळ होता, आणि तळावरचा रेडिओ त्याने लहानपणी एक अक्षर न कळता तोंडपाठ केला होता. वडील लग्नांतून अकॉर्डियन वाजवायचे. आता त्याचा पहिला अल्बम व्हायचा होता. चाली बापाच्या वळणाच्या, ठेका तळावरचा.

आणि शब्द ओदिलचे.

लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. सासूबाईंनी आहेरात दही लावायचं विजेचं यंत्र दिलं होतं, काचेच्या इवल्या बरण्यांचं. ते पाहून व्हासूर पहिल्या दिवशी जो हसला तो अजून हसतच होता. “एका घरात दह्याची दोन-दोन यंत्रं. छोट्या मादाम, तुम्हाला दूध पुरतं तरी कसं?” व्हासूर रेकॉर्ड कंपनीचा माणूस, कोणी काय गायचं आणि मागे काय वाजायचं हे त्याच्या हातात. लग्नाआधी ओदिल त्याच्याच ऑफिसात टायपिस्ट होती. लोकांची गाणी टाइप करता करता ती गुपचूप दुरुस्त करायची, आणि ती दुरुस्तीच रेकॉर्डवर जायची, अर्थात लोकांच्या नावावर. या वेळी व्हासूरने कबूल केलं होतं, कव्हरच्या मागे शब्दांसाठी तिचं नाव छापायचं.

हे आपल्याला किती हवंय ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून पत्रं यायची ती ‘मादाम रेमी कारूज’ या नावाने. इमारतीची रखवालदारीण तिला मादाम कारूज म्हणायची, सासूबाई नुसतंच ‘पोरी’. आईवडील गेल्यापासून तिला ओदिल म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते अडगळीच्या खोलीत दही लावत होतं.

त्या दिवशी जेवताना रेमी म्हणाला, “अगं, ती जरा उघड ना.”

“काय उघडू?”

“ती. हवेची.” त्याने हवेत बोटांनी चौकोन काढला.

तिने खिडकी उघडली. ‘खिडकी’ हा शब्द त्याच सकाळी आपण त्याच्या गाण्यात बसवला, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

२

तिची पद्धत साधी होती. हेडफोन लावायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकायची, इतकी की शेवटी आवाजाला तोंड फुटेल. दुधाचं नेमकं कधी दही झालं हे जसं कुणी पाहिलेलं नसतं, तसंच ‘वेनो’चं ‘मीठ’ कधी झालं हे तिला सांगता आलं नसतं. पण एकदा झालं की झालं. मग तिथे दुसरा शब्द चालायचाच नाही.

मिठाचं गाणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी रेमी सूपाचा पहिला घोट घेऊन थांबला.

“ते दे ना. पांढरं. समुद्राचं.”

“समुद्राचं पांढरं,” ओदिल म्हणाली. “साहेब आता घरातही कविता करायला लागले वाटतं.”

तोही हसला. पण शब्द काही त्याने म्हटला नाही.

मग जिना गेला. ‘खालून वर येताना’ म्हणायचा, ‘त्या पायऱ्यापायऱ्यांवर’ म्हणायचा, वळसे घालायचा. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटेत पाण्याचं डबकं असलं की माणूस बाजूने जातो, तसा तो त्या शब्दाच्या बाजूने जायचा. आणि अडगळीच्या खोलीत मात्र तोच जिना, तेच मीठ, तीच खिडकी स्वच्छ, खणखणीत गायचा.

ओदिलने मनाशी हिशेब मांडला. ऑफिसात एखादा शब्द शंभरदा टाइप केला की तिलाही तो अनोळखी वाटायला लागायचा. अक्षरं सुटी व्हायची, कागदावर मुंग्या उरायच्या. याचंही तसंच. दमलाय. अल्बम झाला की शातोरूला सासूबाईंकडे आठवडाभर जायचं, भरपूर झोपायचं, संपलं. हिशेब बरोबर होता. तरी ती दिवसभर उगाच या खोलीतून त्या खोलीत करत राहिली, आणि एकदा तर हातात झाडू घेऊन दारात उभी राहिली आणि झाडू कशाला घेतला ते तिला आठवेना.

शनिवारी दुपारी रेमी ताटातून मान वर न करता म्हणाला, “वेनो दे ना जरा.”

तिने मीठदाणी उचलून त्याच्या हातात दिली. तो चिमूट टाकून जेवू लागला.

दचकली ती. तो काय म्हणाला यापेक्षा, आपण दिलं याने.

३

मग तिने परीक्षा घ्यायची ठरवलं. आपल्याच नवऱ्याची अशी चोरून परीक्षा घेणं तिला बरं वाटलं नाही, पण न घेता स्वस्थही बसवेना.

पुढच्या गाण्यात, गर्दीच्या रस्त्यावरून पळणाऱ्या मुलीच्या गाण्यात, तिने ‘शहामृग’ घातला. घरात ज्याची कधी गरज पडणार नाही असा शब्द. रेमीला तो भलताच आवडला. “शहामृगासारखी पळते,” तो म्हणाला. “व्हासूर खुर्चीवरून पडेल.” सकाळभर तो ते गात होता.

रविवारी ती त्याला व्हँसेनच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेली. आभाळ भरलेलं होतं, झाडांची पानं ओली होऊन वाटेवर चिकटली होती. जिराफ झाले, माकडं झाली. रेमी खुशीत होता. पुडीतल्या शेंगा सोलून सोलून तिलाच भरवत होता. कुंपणापाशी आल्यावर ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, “याला काय म्हणतात रे?”

“याला?” रेमीने त्या राखी, फाटक्या पिसांच्या उंच पक्ष्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे, ही काय चेष्टा आहे अशा नजरेने. “ओलिन्डा. का?”

“आणि तुझ्या गाण्यात ती मुलगी कशासारखी पळते?”

त्याने लगेच टिचकी वाजवत, ठेका धरत ती ओळ गाऊन दाखवली. शहामृग अगदी जागच्या जागी आला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने कौतुकाने मान डोलावली.

“काय झालं?” रेमी म्हणाला. “थंडी वाजतेय का तुला, ओदिल?”

तिने त्याचा हात घट्ट धरला. आपलं नाव ऐकून इतकं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

४

व्हासूर जेवायला आला तेव्हा तिने मुद्दाम रेमीला बोलतं ठेवलं. काय वाटेल ते विचारलं. रेमीने वेनो मागितलं, जिन्याला वळसा घातला, चांगली चार-पाच वाक्यं निम्मी दह्यात बोलला. व्हासूर मान हलवत, पाव मोडत, हसत होता.

रेमी कॉफी ठेवायला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मसिए व्हासूर, तुम्हाला काही जाणवलं नाही? त्याच्या बोलण्यात?”

“जाणवलं ना. रंगात आलाय.”

“शब्द विसरतो तो.”

“गाणाऱ्यांना शब्द कशाला लागतात, मादाम? ते तर तुम्ही देता.” त्याने चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर घेतला. “मागचा माझा गायक बायकोपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ‘लाडके’ म्हणायचा. नावंच आठवायची नाहीत त्याला. बायको खूश होती. कुत्र्याचं माहीत नाही.”

मग तो कामाचं बोलला. शेवटचं गाणं राहिलं होतं, ज्याच्या नावावरून अल्बमचं नाव ठेवायचं ते. संथ, वडिलांच्या वळणाचं, खाली अमेरिकन गिटार. “एवढी गाणी झाली आणि एका बाईचं नाव नाही. लोक रेकॉर्ड घेतात ती कुणाला तरी हाक मारायला. एक नाव घाला, सुटसुटीत. सुचत नसेल तर आरशात बघा.”

रेमी दारात ट्रे घेऊन उभा होता. “चाल झालीये,” तो म्हणाला. “कॅसेट तुझ्या टेबलावर ठेवलीये.”

दुसऱ्या दिवशी बाजारात तिला मीठ घ्यायचं होतं. दुकानदाराने “आणि काय, मादाम?” असं विचारलं. ती थोडी थांबली. मग तिने बोट दाखवलं.

मागे रांग होती. घाई होती. तिने स्वतःला असं समजावलं.

५

रेमी पाव आणायला बाहेर गेला आणि तिथून पुढे सलूनमध्ये. ओदिलने हेडफोन लावले.

गाणं सुंदर होतं. तिला रडूच येईल इतकं. दही हळूहळू वर चढत होतं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक जागा होती, तीन सुरांची. दोन सूर चढे आणि तिसरा अलगद खाली येणारा.

तिला दुसऱ्यांदा ऐकावंच लागलं नाही.

बोलताना तिच्या नावातला शेवटचा ल लोक अर्धाच म्हणतात, त्याची शेपटी तोडून टाकतात. जुन्या गाण्यांत मात्र असली शेपटी गातात, तिला स्वतःचा सूर देतात. रेमीने अल्बमभर शेपट्या छाटल्या होत्या. अमेरिकन ठेक्यात त्या पायात येतात म्हणायचा. फक्त इथे त्याने ती ठेवली होती. ओ, दि, ल. लहानपणी नव्हेरच्या घरी जेवायच्या वेळी वडील फाटकातून हाक मारायचे, ती अशीच. रेमीने ती कधीच ऐकलेली नव्हती.

तिने टेप मागे नेली आणि आवाज वाढवला. त्या तीन सुरांनंतर गिटार विरत जात होतं. त्याच्या खाली, खोलीच्या शांततेत, काहीतरी होतं. तिला आधी वाटलं, शेजारचा रेडिओ. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले.

रेमीच होता. पण गाणारा नव्हे. जेवणाच्या टेबलावरचा, आळसावलेला, घरातला रेमी. लांबून, गादीआडून आल्यासारखा, त्याच त्या सुरात, कुणालातरी पुन्हा पुन्हा सांगणारा.

“खिडकी उघड ना जरा. मीठ दे ना. जिन्यात दिवा नाही गं. खिडकी उघड ना.”

तिने हेडफोन काढले. घरात फ्रिजची घरघर होती, बाकी काही नाही. मग तिने जे केलं ते तिला स्वतःलाच पटलं नाही. उठून अडगळीच्या खोलीचं दार उघडलं आणि आत जाऊन उभी राहिली.

आत आवाज मरत होता. तिचा श्वाससुद्धा तिच्यापाशी परत येत नव्हता. तिने म्हणून पाहिलं, “खिडकी.” शब्द ओठांवरून निघाला आणि कुणी तो हातात घेतल्यासारखा नाहीसा झाला. समोरच्या गादीला एक खळगा पडला होता, बशीएवढा. तिने त्याला बोट लावलं. ओलसर होता. आणि उबदार. रेमी जाऊन चांगला तास झाला होता.

रोज तिथे तोंड करून गातो, वाफ धरते, ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की खळगा रेमीच्या तोंडाच्या उंचीवर नाही. रेमी तिच्याहून वीतभर उंच. बसून गात असेल, तिने मनाला सांगितलं. पण घरातलं एकुलतं एक स्टूल स्वयंपाकघरात होतं, ती रोज त्याच्यावर बसून गाजरं सोलायची, आणि इथे ते मावलंही नसतं.

खळगा बरोबर तिच्या तोंडासमोर होता.

रेमी परत आला, मान पांढरी, केसांना पावडरचा वास. ती खोलीच्या बाहेर, दाराला पाठ लावून उभी होती.

“या गाण्यात मी माझं नाव घालणार नाही,” ती म्हणाली.

“अगं, पण ते आहेच ना तिथे.”

“नाही घालणार. आणि तूही म्हणायचं नाहीस. शपथ घे.”

“बरं बाई. शपथ.” तो पाव ठेवून जवळ आला. “काय झालंय तुला?”

“माझं नाव सांग.”

“ओदिल,” तो म्हणाला, आणि हसला. “ओदिल, ओदिल, ओदिल. पुरे की अजून वाढू?”

६

तिने ‘ल्युसिल’ घातलं. सूर जुळत होते, शेपटी होती, आणि त्या नावाचं त्यांच्या ओळखीत कुणी नव्हतं. कागद पाहून व्हासूरने भुवया उंचावल्या.

“नवी नवरी नवऱ्याच्या तोंडात परक्या बाईचं नाव घालते. एवढं मोठं मन मी तरी पाहिलं नाही. रेमी, ही ल्युसिल कोण रे?”

“बायकोची मैत्रीण असेल,” रेमी म्हणाला. “मला अजून भेटवलेली नाही.”

स्टुडिओ शहराबाहेर, एका जुन्या सिनेमागृहात होता. सकाळचीच वेळ, वादकांच्या हातात अजून कॉफीचे पेले. ओदिल व्हासूरशेजारी काचेच्या अलीकडे बसली. पलीकडे रेमी माइकपुढे उभा राहिला, डोळे मिटले. ड्रमवर ब्रश फिरला, अकॉर्डियनने श्वास घेतला.

पहिल्या कडव्यानंतर ल्युसिल आली. दुसऱ्यानंतरही ल्युसिलच. ओदिलच्या मुठी सैल झाल्या. व्हासूर पुटपुटला, “जमलं. याचं जमलं.”

शेवटच्या कडव्याला रेमीने डोळे उघडले. काचेतून सरळ तिच्याकडे पाहिलं, लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं तसं, आणि दोन सूर चढून तिसऱ्यावर अलगद उतरला. ओ, दि, ल. शेपटीसकट.

गिटार विरलं.

“पुन्हा घ्या,” ओदिल म्हणाली. “चुकलाय तो. कागदावर ल्युसिल आहे.”

“चुकलाय म्हणूनच राहू दे. असं दुसऱ्यांदा होत नसतं, मादाम.”

“पुन्हा घ्या, मी हात जोडते.”

व्हासूरने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “अहो, नवरा शेवटी आपल्या बायकोचं नाव घेतो आणि तुम्ही रडता? लोक या एका ओळीसाठी रेकॉर्ड घेतील.” आणि त्याने काचेपलीकडे अंगठा वर केला.

रेमी घामेजलेला, उजळलेला बाहेर आला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याने तिला कोट दिला, गळपट्टा गुंडाळला, तिच्या कपाळाला ओठ लावले.

“चल,” तो म्हणाला.

पुढे काही नाही. नुसतं चल.

७

परतताना मेट्रोत ती वाट पाहत होती. दुपारभर वाट पाहत होती. त्याने तिला ‘अगं’ म्हटलं, ‘ऐक ना’ म्हटलं. नवरे असंच बोलतात. दिवसदिवस नाव घ्यायची वेळ येत नाही. तिने त्याला विचारायचं टाळलं. विचारलं नाही तोवर काहीही झालेलं नव्हतं.

तिने दुधाचं भांडं उतरवलं, बरण्या पुसल्या, विरजण लावून यंत्राचं बटण दाबलं. हात कामात असले की बरं असतं. रेमी अडगळीच्या खोलीत गेला होता. आता कशाला, अल्बम झाला होता. पण सवय.

दाराआडून आवाज आला. दोन सूर चढे, तिसरा खाली. अक्षरं भलतीच, कधी न ऐकलेली, तळावरच्या रेडिओवरची असावीत तशी.

“आले,” ती म्हणाली, आणि हात पुसत दोन पावलं गेलीसुद्धा.

मग जागच्या जागी थांबली. फडकं तिच्या हातात होतं. आतून पुन्हा हाक आली, तितकीच प्रेमाची. तिला वाटलं, आवाज एक नाही. एक नेहमीच्या उंचीवरून येत होता आणि एक जरा खालून.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. तिने धावत जाऊन तो उचलला.

“मादाम कारूज?” कोवळा, घाईतला आवाज होता. “मी कव्हर छापतात तिथून बोलतेय. मागच्या बाजूला शब्दांसाठी नाव टाकायचंय ना, मसिए व्हासूर आडनावच देऊन गेलेत. तुमचं पूर्ण नाव सांगता? छपाई आत्ताच लागतेय.”

इतकी वर्षं हवी असलेली ती गोष्ट अशी टेलिफोनवर, तिसऱ्या प्रहरी, हातात फडकं असताना आली. ती ताठ उभी राहिली. नाव तिला ठाऊक होतं. शाळेच्या वह्यांवर गोल अक्षरात लिहिलेलं डोळ्यांपुढे होतं. नव्हेरचं फाटक दिसत होतं, वडील दिसत होते, त्यांचं उघडलेलं तोंड दिसत होतं.

“मादाम? आहात ना?”

“आहे,” ती म्हणाली. आणि मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, शेपटीसकट, तिने आपलं नाव सांगितलं. सांगताना तिला हलकं वाटलं. काहीही गेलेलं नव्हतं.



“माफ करा, मादाम,” मुलगी ओशाळून म्हणाली. “मला इंग्रजी येत नाही.”